धागा : यकृतातील साखर आणि प्रतिपिंडाची साक्ष

१/
जगभरातील जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत शीतकपाटाचा एक कप्पा बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांनी भरलेला असतो. त्यांतल्या एखादीवर लिहिलेले असते : 'पेपसीके-प्रतिपिंड'. यकृतात ग्लुकोज घडवणाऱ्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, माग काढण्याचे हे साधन. मधुमेहावरील कितीतरी शोधनिबंधांतील एखादा महत्त्वाचा निष्कर्ष या कुपीतल्या काही थेंबांवर उभा असतो. आजचा धागा या कुपीच्या इतिहासाविषयी, आणि त्या इतिहासातून निघणाऱ्या एका आग्रही मताविषयी. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
मत प्रारंभीच मांडलेले बरे. प्रतिपिंड हा प्रयोगशाळेतील साक्षीदार आहे, आणि उलटतपासणी झाल्याशिवाय कोणत्याही साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरू नये. पूर्वीच्या संशोधकांना ही तपासणी टाळता येत नसे, कारण साक्षीदार त्यांना स्वतःच उभा करावा लागे. आज तो तयार मिळतो. तपासणी मात्र कोणाचीच जबाबदारी उरलेली नाही. ती पुन्हा संशोधकाकडे, त्याच्या मार्गदर्शकाकडे आणि त्याला अनुदान देणाऱ्या संस्थेकडे यायला हवी.

३/
आता मुळापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असा समज होता की साखर केवळ वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती फक्त खर्च करतात. पॅरिसच्या क्लोद बेर्नार यांनी हा समज मोडून काढला. १८४८मध्ये त्यांना असे आढळले की मांसाहारावर ठेवलेल्या कुत्र्याच्याही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असते. १८५७मध्ये त्यांनी यकृतातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा करून दाखवला. यकृत हा साखरेचा कारखाना आहे, हे तेव्हापासून मान्य झाले.

४/
हा कारखाना दोन रीतींनी चालतो. साठवलेले ग्लायकोजेन मोडणे ही पहिली रीत. उपवास लांबला आणि साठा आटत आला की दुसरी रीत प्रधान होते : स्नायूंतून आलेले लॅक्टेट, प्रथिनांतील अमिनो आम्ले, चरबीतील ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज घडवणे. या दुसऱ्या मार्गावरील एक महत्त्वाचे विकर म्हणजे फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बॉक्सिकायनेज. संशोधकही एवढे लांब नाव उच्चारत नाहीत. ते 'पेपसीके' म्हणतात. मर्टन अटर आणि कियोशी कुराहाशी यांनी १९५४मध्ये कोंबडीच्या यकृतातून त्याचा शोध लावला.

५/
पेपसीकेची एक खुबी पुढच्या सर्व कथेच्या मुळाशी आहे. ते एक नसून दोन आहेत. एक पेशीद्रवात वावरते. दुसरे तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, राहते. दोघांची जनुके वेगळी : पीसीके-१ आणि पीसीके-२. काम मात्र तेच, आणि रचनाही सख्ख्या भावंडांसारखी. उंदराच्या यकृतात ९० टक्क्यांहून अधिक पेपसीके पेशीद्रवातील असते. कोंबडीच्या यकृतात जवळजवळ सगळे तंतुकणिकेतील. माणसाच्या यकृतात ही वाटणी साधारण निम्मी-निम्मी आहे.

६/
अनेक विकरांना पेशी क्षणात चालू-बंद करते; एखादा रेणू येऊन चिकटला की त्यांचा वेग बदलतो. पेशीद्रवातील पेपसीकेला असा ठळक लगाम नाही. उपवासात ग्लुकागॉन या संप्रेरकामुळे त्याचे उत्पादन वाढते, जेवणानंतर इन्सुलिनमुळे घटते. त्यामुळे ते किती कार्यक्षम आहे या प्रश्नाचे रूप बव्हंशी 'ते किती आहे' असे होते. किती आहे हे जाणण्यासाठी, हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमके तेवढेच ओळखणारे साधन हवे. ते साधन म्हणजे प्रतिपिंड.

७/
प्रतिपिंडांची कथा यकृतापासून दूर, घटसर्प आणि धनुर्वातापासून सुरू होते. १८९०मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी बर्लिनमध्ये दाखवून दिले की या रोगांच्या विषाची सवय लावलेल्या प्राण्याच्या रक्तातील द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध बनवले, ते याच तत्त्वावर. शरीर परक्या रेणूची नेमकी ओळख पटवणारी प्रथिने तयार करते, तीच प्रतिपिंडे. ओळख पटवण्याचे हे कसब रोग्याबाहेर, परीक्षानळीतही वापरता येईल, हे लक्षात यायला काही दशके गेली.

८/
त्या वाटेवरचा एक टप्पा मधुमेहाचाच आहे. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बेर्सन आणि रोझलिन यॅलो यांना आढळले की गाईगुरांचे इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तत्कालीन तज्ज्ञांना हे पटेना. १९५६मध्ये निबंध छापून येण्यासाठी त्यांना शीर्षकातील 'इन्सुलिन प्रतिपिंड' हा शब्दप्रयोग काढावा लागला. याच प्रतिपिंडांचा उपयोग करून त्यांनी रक्तातील इन्सुलिनचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत उभारली. यॅलो यांना १९७७मध्ये नोबेल मिळाले. बेर्सन १९७२मध्येच निवर्तले होते.

९/
येथे थोडे थांबावे. प्रतिपिंड या शब्दावरच तज्ज्ञांनी हरकत घेतली, पुरावा मागितला, आणि संशोधकांनी तो दिला. नकार कटू होता. यॅलो यांनी ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि पुढे नोबेल व्याख्यानात दाखवले. परंतु 'हे खरोखरच प्रतिपिंड आहे का, ते नेमके कशाला चिकटते आहे' हा त्या काळचा प्रश्न योग्यच होता. आज आपण तो विचारत नाही, ही माझी तक्रार.

१०/
पेपसीकेकडे परत येऊ. जॉन बॅलर्ड आणि रिचर्ड हॅन्सन यांनी १९६९मध्ये उंदराच्या यकृताच्या पेशीद्रवातून हे विकर शुद्ध केले आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड वापरून त्याची तंतुकणिकेतील भावंडाशी तुलना केली. प्रतिपिंडाच्या कसोटीवर दोन्ही विकरे भिन्न ठरली. म्हणजे पेपसीकेच्या संशोधनातील प्रतिपिंडाचे आरंभीचे एक मोठे काम कोणते? या दोन सारख्या दिसणाऱ्या विकरांना एकमेकांपासून वेगळे ओळखणे. साधनाची परीक्षा आणि शोध ही दोन्ही कामे एकाच प्रयोगात झाली.

११/
असे घडले, कारण दुसरा मार्गच नव्हता. विकर शुद्ध करायला महिनोन्महिने लागत. मग ते प्राण्याला टोचायचे, वाट पाहायची, रक्त काढायचे, आणि मिळालेले प्रतिपिंड खरोखर आपल्याच विकराला धरते की शेजारच्याला, हे पाहायचे. या खटाटोपात संशोधकाला आपल्या साधनाचे गुण आणि खोड्या दोन्ही कळत. याच पिढीच्या कामातून दिसले की जन्मापूर्वी उंदराच्या यकृतात पेशीद्रवातील पेपसीके जवळजवळ नसते आणि जन्मानंतर काही तासांतच ते वेगाने वाढते. आईकडून मिळणारी साखर थांबली की पिल्लाचा स्वतःचा कारखाना सुरू होतो.

१२/
यानंतर दोन शोधांनी चित्र पालटले. १९७५मध्ये केंब्रिज येथे गेओर्ग कोलर आणि सीझर मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर केला. एकाच घडणीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. त्यांनी पेटंट घेतले नाही. १९७९मध्ये हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी जेलमध्ये आकारमानानुसार विभागलेली प्रथिने पातळ पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. एडविन सदर्न यांच्या आडनावावरून आलेल्या 'सदर्न ब्लॉट'वर कोटी करून १९८१मध्ये नील बर्नेट यांनी तिला 'वेस्टर्न ब्लॉट' म्हटले, आणि नाव रुळले.

१३/
वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रतिपिंड जिथे चिकटते तिथे गडद पट्टी उमटते. प्रयोगशाळेच्या बोलीत तिला 'बँड' म्हणतात. पट्टी गडद म्हणजे प्रथिन जास्त, फिकट म्हणजे कमी. हे इतके सोपे आणि डोळ्यांना पटणारे आहे की जीवशास्त्राने ते मनापासून स्वीकारले. मागणी वाढली तशा प्रतिपिंडे विकणाऱ्या कंपन्या आल्या. आता विकर शुद्ध करण्याची गरज उरली नाही. यादीतील क्रमांक निवडायचा आणि मागणी नोंदवायची. संशोधनाचा वेग वाढला, हे निर्विवाद आहे. पण साधनाची जी ओळख ते घडवताना आपोआप होत असे, ती त्या सोयीबरोबर गेली.

१४/
पेपसीकेच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. पीसीके-१ आणि पीसीके-२ या दोन्ही प्रथिनांचे वजन सुमारे ७० किलोडाल्टन. पट्टीच्या जागेवरून त्यांना वेगळे सांगणे अवघड. एखादे प्रतिपिंड दोघांनाही चिकटत असेल तर उंदराच्या यकृतात फारसे बिघडत नाही, कारण तिथे जवळजवळ सगळे पीसीके-१च असते. तेच प्रतिपिंड 'उंदरावर सिद्ध झालेले' म्हणून माणसाच्या यकृतावर वापरले की एकाच पट्टीत दोन निराळी विकरे बेमालूम मिसळतात. पट्टी सुबक उमटते. ती कोणाची, हे मात्र कळत नाही.

१५/
हा केवळ काथ्याकूट नाही. यकृताच्या कर्करोगात पीसीके-१ घटलेले आढळते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ग्लुकोज कमी पडल्यावर पेशी पीसीके-२च्या आधाराने तग धरतात, असे २०१५मधील संशोधनातून पुढे आले. एकाच्या घटीची आणि दुसऱ्याच्या आधाराची गल्लत झाली तर औषधाने विकर रोखायचे की वाढवायचे, याचेच उत्तर उलटे येऊ शकते. कुपीवर नाव एकाचे आणि आत ओळख दोघांची, म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

१६/
इतर प्रथिनांच्या बाबतीत अशी फसगत प्रत्यक्ष घडलेली आहे. टोरांटोचे एलेफ्थेरिओस डायमँडिस आणि सहकारी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून 'सीयूझेडडी-१' या प्रथिनाचा पाठपुरावा करत होते. वापरलेले विकतचे किट प्रत्यक्षात 'सीए-१२५' हे अगदी निराळे प्रथिन मोजत होते. तोवर दोन वर्षे, सुमारे ५ लाख डॉलर आणि रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडले होते. पैसा पुन्हा उभा करता येतो. रुग्णांनी विश्वासाने दिलेले नमुने पुन्हा मिळत नाहीत.

१७/
दुसरे उदाहरण 'इस्ट्रोजेन ग्राही बीटा' या प्रथिनाचे. १९९६मध्ये त्याचा शोध लागल्यावर स्तनाच्या कर्करोगातील त्याच्या भूमिकेवर निबंधांचा ओघ सुरू झाला आणि निष्कर्ष एकमेकांना छेद देत राहिले. २०१७मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्याची १३ प्रतिपिंडे कसून तपासली. पुरेसे विश्वासार्ह निघाले ते केवळ एक. ते वापरून पाहिले तेव्हा स्तनाच्या ऊतीत हे प्रथिन जवळजवळ आढळलेच नाही. वीस वर्षांच्या वादाचा मोठा भाग न तपासलेल्या साक्षींवर चालला होता.

१८/
मोनोक्लोनल असले म्हणजे निश्चिंत व्हावे, असेही नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १८५ संकरित पेशीसमूह पाहिले गेले. त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश समूह अपेक्षित घटकांखेरीज प्रतिपिंडाचे आणखी काही घटकही बनवत होते. २०२३च्या एका अभ्यासात, ज्यात कंपन्याही स्वतःहून सहभागी झाल्या, ६५ प्रथिनांची ६१४ विकतची प्रतिपिंडे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर पारखली गेली. जी आपले प्रथिन ओळखण्यात नापास झाली, त्यांचा वापर केलेले निबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी १२च्या आसपास निघाले.

१९/
याच अभ्यासातील आशादायक भाग सांगितला नाही तर अन्याय होईल. बहुसंख्य प्रथिनांसाठी निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारात होते. जनुकीय क्रम माहीत करून घेऊन बनवलेली, म्हणजे रिकॉम्बिनंट, प्रतिपिंडे सरस ठरली. आणि नापास मालाविषयी कळल्यावर कंपन्यांनी कित्येक प्रतिपिंडे मागे घेतली किंवा त्यांच्या वापराची शिफारस बदलली. म्हणजे चांगले साक्षीदार उपलब्ध आहेत, आणि तपासले की वाईट साक्षीदार बाजूला होतात. अडचण फक्त एवढीच की तपासायचे कोणी, हे ठरलेले नाही.

२०/
तपासायचे कसे, हे मात्र ठाऊक आहे. माथियास उलेन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये पाच मार्ग मांडले. त्यांतला सर्वांत निर्णायक म्हणजे ते प्रथिन नसलेल्या पेशींवर प्रतिपिंड वापरून पाहणे. पट्टी तरीही उमटली तर साक्षीदार खोटा. पेपसीकेसाठी असे साधन २०००पासून आहे. पीसीके-१ संपूर्ण शरीरातून काढलेले उंदीर जन्मानंतर काही दिवसांतच दगावतात. केवळ यकृतातून काढलेले मात्र जगतात. त्या यकृताचा तुकडा हा या प्रतिपिंडाचा उत्तम परीक्षक होय.

२१/
खऱ्या ठरलेल्या साक्षीलाही मर्यादा असते, हेही पेपसीकेनेच शिकवले. 'किती आहे' म्हणजेच 'किती काम करते' हे गृहीतक २००७मध्ये पारखले गेले. उंदराच्या यकृतातील पेपसीके ९० टक्क्यांनी घटवले, तरी नव्या ग्लुकोजचा ओघ सुमारे ४० टक्केच उतरला. २००९मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांच्या यकृतात या विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली आढळली नाही, जरी त्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. गडद पट्टी पाहून 'ग्लुकोजनिर्मिती वाढली' असे लिहिणे म्हणजे साक्षीदाराने न सांगितलेले त्याच्या तोंडी घालणे.

२२/
हे सारे मराठीत का लिहावे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे, देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय शरीर दिसायला कृश असूनही आतून मेदाने भरलेले असू शकते. अशा शरीरातील यकृत काय करते, हे केवळ उंदरांवरून ठरणार नाही. माणसांचे नमुने तपासावे लागतील. आणि पेपसीकेची निम्मी-निम्मी वाटणी नेमकी माणसातच आहे. न तपासलेले प्रतिपिंड सर्वाधिक दगा देईल, ते आपल्याला सर्वाधिक गरज असलेल्या ठिकाणी.

२३/
यावर रास्त आक्षेप आहेत. लहान विद्यापीठातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने जनुक काढलेले उंदीर आणायचे कोठून? पैसा कोठून, वेळ कोठून? पण साध्या तपासण्याही असतात. जेवलेल्या आणि उपाशी उंदराचे यकृत शेजारी-शेजारी ठेवावे. पीसीके-१ची पट्टी उपवासात गडद व्हायला हवी. यकृताशेजारी हे विकर नगण्य असणारा सांगाड्याचा स्नायू ठेवावा. प्रथिनाच्या दोन वेगळ्या भागांना धरणारी दोन प्रतिपिंडे वापरून उत्तर जुळते का, ते पाहावे. याला फार तर काही आठवडे लागतील. चुकीच्या साक्षीवर घालवलेल्या तीन वर्षांपुढे हा खर्च क्षुल्लक आहे.

२४/
दुसरा आक्षेप : ही जबाबदारी विकणाऱ्याची नव्हे काय? विकणाऱ्याची आहेच, खोट्या मालाचे समर्थन कोणी करू नये. तरीही एकाच प्रतिपिंडाचे वर्तन वेस्टर्न ब्लॉटमध्ये एक आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीच्या कापावर निराळे असू शकते, कारण प्रथिनाची घडी बदललेली असते. माझ्या नमुन्यात, माझ्या पद्धतीत ते खरे बोलते का, हे मीच पाहिले पाहिजे. सोनार कितीही नावाजलेला असला तरी आपण कस लावून घेतोच.

२५/
म्हणून चार अपेक्षा. प्रबंधात प्रत्येक प्रतिपिंडाचा यादीक्रमांक आणि लॉट क्रमांक असावा, आणि ते कसे पारखले याचे एक पान असावे. छापताना पट्टीचा कापलेला तुकडा न देता संपूर्ण ब्लॉट द्यावा. अनुदान देणाऱ्या संस्थांनी या तपासणीसाठी वेगळी रक्कम मंजूर करावी आणि नंतर तिचा हिशेब मागावा. प्रत्येक विभागाने नापास प्रतिपिंडांची सामायिक वही ठेवावी, म्हणजे एकाला ठेच लागली की मागच्याला शहाणपण येईल. यांतली कोणतीही गोष्ट परदेशी तंत्रज्ञानावर किंवा मोठ्या यंत्रावर अवलंबून नाही.

२६/
१९६९मध्ये ज्या विकरांना प्रतिपिंडाने वेगळे ओळखून दाखवले, ती दोन विकरे आज त्याच जातीच्या साधनाने पुन्हा एक होऊन बसावीत, ही प्रगती म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचकांना विनंती : आपल्या शीतकपाटातील कोणतीही एक कुपी निवडावी आणि ती कशी पारखली होती, याची नोंद शोधावी. नोंद सापडली तर येथे जरूर लिहावे. इतरांना उपयोग होईल. सापडली नाही, तर पुढचा प्रयोग कोणता करायचा हे ठरलेलेच आहे.

(धागा समाप्त)